दाराला पाठ

११ जानेवारी

ती. ताई,

पत्राला उशीर झाला असं लिहिणार होतो. पण उशीर आपोआप झाला नाही, मी तो केला. तुझं ऑक्टोबरचं पाकीट तीन देश माझ्या बॅगेत फिरलं. उत्तर लिहायला मी तीनदा बसलो. पहिल्यांदा शाई संपली. दुसऱ्यांदा खिडकीच्या कठड्यावर एक कानतुटकं मांजर येऊन बसलं आणि तासभर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा काहीच कारण सापडेना, म्हणून अंथरुणावर पडलो. फोन करावा, तर तुझ्या शिवणघरात दहा मशीन आणि वीस कान. तेव्हा हे पत्रच.

तू विचारलंस, तू नक्की काय काम करतोस. तुझ्या आईला, आमच्या मावशीला, तर वाटतं मी खोकी उचलतो. उचलतोच, पण ते सकाळी. आमच्या मोठ्या बाई देशोदेशी शाळांमधून फिरतात. चौदा ते सोळा वयाच्या मुलामुलींना चार पानांचा फॉर्म देतात. त्यावर नाव लिहायचं नाही, हजेरी क्रमांक नाही. फक्त चौकटीत खूण करायची. सव्वीस प्रश्न आहेत. गेल्या वर्षात तुला कुणी मारलं का, कोंडून ठेवलं का, धमकावलं का. पुढचे प्रश्न तुला लिहितानासुद्धा मी इकडेतिकडे बघतोय. कुणी मनाविरुद्ध अंगाला हात लावला का, जबरदस्ती केली का. मोठ्या माणसांनी नव्हे हं, तुझ्याच वयाच्या मुलांनी. असं सगळं. दोन बाकांमध्ये पुठ्ठ्याचा आडोसा लावतो. शिक्षकांना बाहेर काढतो. बाई आत थांबतात आणि मी दारात. दार लोटून घ्यायचं, त्याला पाठ लावायची आणि फॉर्म भरून होईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही. मुख्याध्यापक आले तरी नाही. बाई म्हणतात, दार सांभाळावं तर तुझ्यासारखं.

एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. मला तिथली भाषा येत नसली तरी आतली मुलं कितव्या प्रश्नावर आहेत ते बाहेरून कळतं. एके ठिकाणी मुलं-मुली वेगळ्या खोल्यांत बसतात, दुसरीकडे एका बाकावर. कुठे गळ्यापर्यंत बटणं लावलेले गणवेश, कुठे गणवेशच नाही. कुठे मास्तर दिसले की उभं राहतात, कुठे मास्तरांना नावाने हाक मारतात. पण पहिले दहा-बारा प्रश्न पेनं भराभर चालतात. मग एक खुर्ची करकरते, मागून कुणीतरी मुलगा हसतो, दुसरा त्याला साथ देतो. आणि एकोणिसाव्या, त्या जबरदस्तीच्या, प्रश्नाला सगळी पेनं थांबतात. सगळीकडे. मी घड्याळ लावून बघितलंय.

हां, गेल्या मंगळवारी एक गंमत झाली. वर्गात पोरं एकतीस. फॉर्म टाकायला दाराशी पत्र्याचा डबा असतो, वर फट, कुलूप बाईंचं. पोरं बाहेर जाताना घडी घालून टाकतात. डबा उघडला तर फॉर्म बत्तीस. बाईंनी तीनदा मोजले. आता त्यांचा नियम असा, की आकडा जुळला नाही तर सबंध वर्गाचे फॉर्म रद्द. कारण त्यात बाहेरचा कुठला ते ओळखणार कसं? आणि त्या शाळेच्या परीक्षा आल्यात, ते पुन्हा बसू देणार नाहीत. बाईंनी तो गठ्ठा सुतळीने बांधून बाजूला ठेवलाय. फेब्रुवारी संपताना सगळं मुख्य कचेरीत जाईल, तोवर उलगडा झाला तर ठीक. मी म्हटलं, कुणी दुसऱ्या वर्गातलं पोर चुकून टाकून गेलं असेल. त्या पुन्हा आकडा ताडून बघायला लागल्या.

बारक्या याही थंडीत दुकानाचं दार सताड उघडं टाकून बसतो असं तू लिहिलं होतंस. त्याला स्वेटर घालायला लाव. माझा नमस्कार सांग. नको, राहू दे, नको सांगू.

पुढच्या मुक्कामाचा पत्ता मागे लिहिलाय.

भिंगरी


२९ जानेवारी

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद, आणि तीन महिने गप्प बसलास म्हणून एक चापट. ती तुमच्या फॉर्मात धरू नका.

मांजराची हकीकत वाचून आई हसली. मला हसू आलं नाही. तुला मी ओळखते. तू मांजरं आणतोस तेव्हा मागे काहीतरी लपवलेलं असतं. लहानपणी बरणी फुटली तेव्हा तू मला पाऊण तास मुंग्यांची रांग दाखवत होतास.

आमच्याकडे गणवेशांची घाई आहे. नवे शिवून होत नाहीत तोवर जुने दुरुस्तीला येतात. या कामातलं एक तुला सांगते, तुझ्या बाईंना उपयोगी पडलं तर बघ. झिजून तुटलेलं बटण शर्टावर दोरा सोडून जातं. ओढून तुटलेलं बटण कापड घेऊन जातं. तिथे भोक पडतं, आतून अस्तराचा तुकडा लावल्याशिवाय नवं बटण बसत नाही. आया सांगतात, खेळताना झालं. मी मान हलवते आणि अस्तर लावून देते. वर्षाला असे बरेच येतात. असो.

बारक्या आहे तसाच. पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळत बसतो. हात असा चालतो की बघत राहावं. बोलणं गिऱ्हाइकापुरतं. दार मात्र लोटू देत नाही, न्हाणीघराचंसुद्धा नाही, आम्ही तिथे पडदा लावलाय. परवा वाऱ्याने दुकानाचं दार आपटलं तर तारेचं रीळ टाकून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. माझा बावीस वर्षांचा भाऊ. आई म्हणते, त्या वसतिगृहातला ताप डोक्यात गेला. डॉक्टर म्हणतात, तापाने असं होत नाही. मी कुणाशी भांडू?

तू त्याला त्या दिवशी घरी आणलंस ते मी विसरलेले नाही. पंधरा वर्षांचा होतास तूही. सात तास बसमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलास, पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी हलला नाहीस. आई तुला उनाड म्हणते, शाळा सोडली म्हणून नावं ठेवते, तेव्हा मी तिला तेवढंच सांगते, की तो नसता तर आपला मुलगा त्या तापात तिथेच पडून राहिला असता.

आणि तो बत्तिसावा. गंमत कसली म्हणतोस? तुझं पत्र वाचलं त्या रात्रीपासून मला त्याचाच विचार येतोय. ज्याला कुणी फॉर्म दिला नाही असं एखादं पोर आत शिरून आपलं म्हणणं टाकून गेलं. किती साठलं असेल त्याच्या पोटात. त्याला शोधा रे. रागवायला नाही. नुसतं विचारायला, की काय झालं बाळा.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

बत्तिसावा मी आहे.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, नाहीतर पुन्हा मांजर आलं असतं.

नव्या गावात गेलो की आमच्यातला प्रत्येक जण आधी एक फॉर्म स्वतः भरतो. किती वेळ लागतो ते मोजायला. मग त्याचा कोपरा कात्रीने कापायचा, म्हणजे तो खऱ्यांत मिसळत नाही. दोन वर्षं मी सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ अशी खूण करत आलो. चार मिनिटांत भरून व्हायचा. बाई चेष्टा करायच्या, तुझ्यावर काही बेतलंच नाही का रे कधी. त्या मंगळवारी मला अठरा मिनिटं लागली. कोपरा कापला नाही. घडी करून खिशात ठेवला आणि दारात उभा राहिलो. शेवटची मुलगी फॉर्म टाकून गेली आणि तिच्यामागोमाग मी माझा टाकला. तुला लिहिलं चुकून पडला असेल. चुकून नाही. माझ्या हाताने टाकला. फटीत अडकला, तो बोटाने ढकललाही.

बाविसावा प्रश्न असा आहे. असं काही तुझ्यासमोर घडलं तेव्हा तू काय केलंस? चार चौकटी. थांबवलं. कुणाला तरी सांगितलं. निघून गेलो. करणाऱ्यांना साथ दिली. मी चौथीत खूण केली.

रविवारची दुपार होती. वसतिगृहातली सगळी मैदानावर. आमच्याहून दोन वर्षांनी मोठी तिघं होती, त्यांची दहशत होती. मला त्यांनी त्या महिन्यात दोनदा बदडलं होतं, बरगडीवर, जिथे दिसत नाही तिथे. ते बारक्याला कपडे धुवायच्या खोलीत घेऊन गेले आणि मला म्हणाले, दारात उभा राहा, कुणी आलं तर खोक. मला वाटलं, आज त्याला चार फटके पडतील आणि माझी पाळी टळेल. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नाही, थोडं सबब म्हणूनच सांगतोय.

आतून त्याने मला हाक मारली. “भिंगरी,” अशी. मग आणखी एकदा. मग तोंडावर हात दाबल्यासारखा आवाज. तेव्हा मला कळलं की हे फटके नाहीत. आणि ताई, मी दाराला पाठ आणखी घट्ट लावली.

अजून आहे. वॉर्डनसर जिना चढून आले. काय रे, इथे काय करतोस, म्हणाले. मी खोकलोसुद्धा नाही. मी हसलो. म्हटलं, आत साबणाचं पाणी सांडलंय सर, पाय घसरेल, आम्ही पुसतोय. ते बरं म्हणून परत फिरले. बारा पायऱ्या होत्या. मी त्यांच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. एक हाक मारली असती तरी पुरे होतं.

त्या तिघांनी त्याच्यावर जबरदस्ती केली. तुम्ही सात वर्षं ज्याला ताप म्हणता ते हे.

तिसऱ्या दिवशी मी त्याला घरी आणलं हे खरं. पण त्याचं डोकं माझ्या मांडीवर नव्हतं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि मध्ये त्याने आपली पिशवी ठेवली होती. मांडीचं मी मागाहून बनवलं. मावशीने विचारलं, कसा रे आणलास त्याला, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मग तू ते चारचौघांत सांगू लागलीस. तू ती गोष्ट सांगायला लागलीस की दर वेळी मी गाव सोडायचो. लोक म्हणतात माझ्या पायाला भिंगरी आहे. मी एक असं ठिकाण शोधत होतो जिथे एकोणिसाव्या प्रश्नाला पेनं थांबत नाहीत. म्हणजे मग म्हणता आलं असतं की आपल्याकडेच तसलं वारं होतं, मी काय करणार. अकरा देश झाले. नाही असं ठिकाण.

तू लिहिलंस, त्याला शोधा, विचारा काय झालं बाळा. ते वाचून मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

बाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर दाराचं काम जाणार, बहुतेक सगळंच काम जाणार, असल्या माणसाला शाळेत कोण उभं करील. नाही सांगितलं तर त्या एकतीस पोरांनी जे कसंबसं लिहिलं ते कुणी वाचणार नाही. महिना संपायला आठ दिवस आहेत. हे पत्र टाकतो आणि तसाच त्यांच्याकडे जातो. टाकलं की मागे फिरता येणार नाही, म्हणून आधी पत्र.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. मी चारदा लिहायला बसले. तुझ्यासारखी मांजरं मला दिसत नाहीत. मी नुसती बसत होते.

पहिल्यांदा लिहिलं ते सगळं शिव्या होत्या. ते फाडलं. तू दारात होतास. तू हसलास. हे मला कुठेच ठेवता येत नाही. कापड बेतताना, जेवताना, मध्येच ते वॉर्डन जिना उतरून जातात. तुझं बरगडीचं वाचलं, तेही खोटं नसणार. पण मला त्याचं वाईट वाटायला अजून वेळ लागेल. आत्ता नाही जमत.

पण तुला बोल लावायला गेले की एक शर्ट समोर येतो, आणि हात थांबतो. तेही आता लिहिते.

तो घरी आला त्या संध्याकाळी मी त्याची पिशवी रिकामी केली. तळाशी पांढरा शर्ट होता, बोळा करून कोंबलेला. वरची तीन बटणं नव्हती. दोरे नव्हते, भिंगरी. भोकं होती. मी तेव्हा दोन वर्षं या धंद्यात होते. शर्टाच्या मागच्या बाजूला आणखी जे होतं ते मी थंड पाण्यात भिजवलं. मला कळलं नाही असं म्हणणार नाही. सगळं नाही कळलं, पण ताप नाही एवढं कळलं. मी दार लावून घेतलं, अस्तराचे तीन तुकडे कापले, बटणं लावली, इस्त्री केली आणि सकाळी घडी त्याच्या उशाशी ठेवली. त्याने घडी बघितली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चहा घेतोस का.

तो शर्ट त्याने पुन्हा अंगाला लावला नाही. मीही विचारलं नाही. दर वेळी लोकांना तुझ्या मांडीची गोष्ट सांगितली, कारण ती सांगितली की शर्टाची सांगावी लागत नव्हती. तुझं खोटं मला सोयीचं होतं. दार काय तू एकट्यानेच नाही लावून धरलं.

गेल्या आठवड्यात एक बाई मुलीचा गणवेश घेऊन आल्या. नववीतली मुलगी. दोन बटणं, कापडासकट. म्हणाल्या, खेळताना झालं. मी म्हटलं, अहो, हे खेळताना होत नाही, मुलीला माझ्याकडे पाठवा, माप घ्यायचंय. त्या चिडल्या, पण पोर आली. स्टुलावर बसून राहिली. मी विचारलं, कुणी ओढलं का गं. ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, बरं, पण मी इथेच असते. दुसऱ्या दिवशी काही काम नसताना आली आणि गुंड्यांचा डबा निवडत बसली. अजून काही सांगितलेलं नाही. पण मी विचारलं. एवढंच.

आईला मी सांगितलेलं नाही. ते ज्याचं आहे तो ठरवील. मला लिहून तू मोकळा होशील असं वाटत असेल तर तसं होणार नाही. त्याला लिही. सबबी कमी कर. मांजर घालू नकोस. इतक्यात घरी येऊ नकोस.

ताई


३ मे

ताई,

तू रागावून का होईना पण लिहिलंस. मी दर टपालाला फाटकात जाऊन उभा राहत होतो. इथल्या पोस्टमनला मी आता माझा नातेवाईकच वाटतो.

बाईंचं सांगतो. त्या दिवशी त्या जेवणघराच्या टेबलावर गठ्ठे लावत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बत्तिसावा माझा, चूक नव्हती, असं असं झालं होतं. त्यांनी पेन ठेवलं. म्हणाल्या, ओळखू शकशील? सुतळी सोडली. मी माझा लगेच काढला. माझ्या चौकटीतली खूण कागद फाटेपर्यंत दाबलेली होती. तसे दाबलेले आणखी पाच निघाले, ताई. ते मुलांचे. मला माझा हिरव्या शाईवरून सापडला.

त्यांनी तो घेतला, कोपरा कापला आणि मला परत दिला. राहिलेले एकतीस मोजले. मग मुख्य कचेरीला काय झालं ते स्वतः लिहिलं, मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली. कचेरीने ते एकतीस धरले. मी खुर्चीवर बसलो आणि मला उगाचच वाटलं की आता त्या म्हणतील, सांगितलंस हे चांगलं केलंस. त्या म्हणाल्या, “उद्यापासून तू दारात उभा राहणार नाहीस.” मी हो म्हटलं. “शाळेच्या आवारात येणार नाहीस. पुठ्ठे आणि खोकी बघ. तेही जूनपर्यंत.” बरोबर आहे. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

दाराशी आता स्वतः बाईच असतात. आत त्यांच्या जोडीच्या बाई. मी टेम्पोत बसून पुठ्ठ्यांच्या घड्या घालतो. इथून पेनं ऐकू येत नाहीत. पहिले काही दिवस त्याने चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की मी ती ऐकायचो ते दुसऱ्यांसाठी नव्हतंच.

बारक्याला १२ एप्रिलला लिहिलं. चार वेळा लिहून पाचव्यांदा टाकलं. दीड पान झालं. मांजर नाही. तू हाक मारलीस ती मला ऐकू आली होती, हे लिहिलं. बाकीचं त्याला माहीत आहे, हे एक त्याला बहुधा माहीत नसावं, म्हणून तेच आधी. वॉर्डनचंही लिहिलं. माफ कर असं लिहिलं नाही. ते मागणं झालं असतं आणि माझ्याकडे मागायला तोंड नाही. त्याला साक्ष लागली, कुठेही, पोलिसांत किंवा घरात, तर मी उभा राहीन, त्या तिघांची नावं मला पाठ आहेत, एवढं शेवटी लिहिलं.

उत्तर नाही. येऊ नये हेही कबूल आहे. पण पोचलं का, तेवढं कळव.

आम्ही आता आपल्याच देशात आलोत, तुमच्यापासून बसने सात तासांवर. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली आहे. खालचे सायकलवाले दिवसभर चाकं फिरवून बघतात आणि स्वतःशीच ‘हं, आता कसं’ म्हणतात. पत्ता मागे आहे. येणार नाही, तू म्हणालीस तसं.

भिंगरी


१६ मे

भिंगरी,

पोचलं. वीस एप्रिललाच पोचलं. मी मुद्दाम कळवलं नाही.

पाकीट त्याने उघडलेलं नाही. अक्षर बघितलं आणि दुकानातल्या टेबलावर तारेच्या रिळाखाली ठेवलं. रीळ लागलं की पाकीट उचलतो, बाजूला ठेवतो, काम झालं की पुन्हा रिळाखाली. आई म्हणाली, कुणाचं रे. म्हणाला, बिल आहे. सव्वीस दिवस झाले, मी रोज बघते. फाडलंही नाही, फेकलंही नाही.

परवा मला विचारलं, “जाड आहे का गं? किती पानं असतील?” मी म्हटलं, दीड, असं तो म्हणतो. म्हणाला, “एवढंच?” आणि पुन्हा मोटारीत डोकं घातलं. सात वर्षांत तुझ्याविषयी बोललेला हा पहिला शब्द. कसा म्हणाला ते मला सांगता येणार नाही. राग होता का, विचारू नकोस.

त्याच दिवशी मी त्याला म्हटलं, त्या शर्टाची बटणं मी लावली होती. कशी तुटली ते मला दिसलं होतं. मी विचारायला हवं होतं. त्याने तारेचा वेढा पुरा केला. मग म्हणाला, “मी वाट बघत होतो तू विचारशील म्हणून. मग सोडून दिलं.” एवढंच, आणि मग मला चहा करून आणला. मी तिथेच पायरीवर बसून रडले, गिऱ्हाइकं बघत होती तरी.

ती नववीतली मुलगी आता रोज येते. काल तिने एका मुलाचं नाव सांगितलं. सुट्टी लागली तरी शाळेची कचेरी उघडी असते, तिच्या आईला आणि मला आज तिथे जायचंय. मुख्याध्यापक टाळणार, ते मला दिसतंय. मी बटणं बरोबर नेतेय, कापडासकट.

तू थांब. त्याच्यावर घाई करू नकोस.

ताई


३० मे

ती. ताई,

मुख्याध्यापकांनी काय केलं ते लिहिलं नाहीस. पहिल्यांदा टाळलं असेल तर पुन्हा जा. बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, मुलीला पुन्हापुन्हा तेच सांगायला लावू नका, एकदा लिहून घ्या, तिच्या शब्दांत, तारीख घालून. पोलिसांत जायची वेळ आली तर ते कामी येतं. आणि ती मागे फिरली तर तिला रागवू नका.

बारक्याचं वाचलं. ‘एवढंच’ हा शब्द मी आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय. बरोबर आहे त्याचं. दीड पानच. मला आणखी लिहिता आलं असतं, अकरा देशांचं, पेनांचं, सगळं. पण त्यातलं त्याचं काहीच नव्हतं. ते सगळं माझं होतं.

माझा तो कापलेल्या कोपऱ्याचा फॉर्म मी जपून ठेवलाय. कशाला, ते माहीत नाही. जूननंतर काय करायचं तेही ठरलेलं नाही. सायकलवाले म्हणतात, हाताला वळण आहे, बस इथेच चाकं बांधत. चाकातली तार, ते तिला आरी म्हणतात, कशी ताणायची ते त्यांनी काल शिकवलं. प्रत्येक आरी सारखी ताणायची, एक जरी ढिली राहिली तर चाक हेलकावतं, आणि कुठली ढिली आहे ते बोटाने छेडून आवाजावरून

ताई, मध्येच थांबलो होतो. खालून सायकलवाल्यांनी हाक मारली, की तुमच्याकडे कुणी आलंय, आत या म्हटलं तर येत नाही, फाटकातच उभं आहे. मला वाटलं बाईंनी कुणाला पाठवलं असेल. जिन्यावरून वाकून बघितलं.

बारक्या आहे.

मी ओळखलंच नाही आधी. खांदे केवढे भरलेत त्याचे. पत्ता तुझ्याकडच्या पाकिटावरून उतरवून सकाळच्या बसने आला. सात तास, एकटा, दाराजवळच्या आसनावर, कंडक्टरला सांगून दार उघडं ठेवायला लावलं म्हणे, लोक ओरडत होते वारा लागतो म्हणून. हातात माझं पाकीट आहे. चिकटवलेलं तसंच, कोपऱ्याला ग्रीस. वर आला, उंबऱ्यात थांबला. मी मागे सरकून खोलीत उभा राहिलो. तो म्हणाला, “हे मी वाचलेलं नाही. वाचणारही नाही. तू तोंडाने सांग. मी ऐकतो.” मी हो म्हटलं. “तू आत बस,” म्हणाला, “मी दारात उभा राहतो.”

मग म्हणाला, “आधी ताईला दोन ओळी लिही. मी तिला सांगून निघालो नाही. ती शिवणघर सोडून शोधत फिरेल.” म्हणून हे लिहितोय. सायकलवाले चौकातल्या फोनवरूनही कळवतायत.

तो दारात उभा आहे, माझ्याकडे पाठ करून, जिन्याकडे बघत. लिहून होईपर्यंत वळणार नाही म्हणाला. दार त्याने लोटलेलं नाही.

झालं लिहून. आता त्याला हाक मारतो.

भिंगरी